केस

प्रेस्टनच्या क्राउन कोर्टात, तीन नंबरच्या दालनात,
साक्षीदाराच्या कठड्याला लागून माझी खुर्ची.
शपथ आधी मी घेतली, मग वत्सलाबाईंनी.
माझी साधी होती:
शब्द वाढवणार नाही, शब्द गाळणार नाही.

वत्सला कोठावळे, वय बासष्ट.
चौदा वर्षं एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात.
भाच्यानं कागद पुढे केला, त्यांनी सही केली,
साठवलेलं सगळं एका दुपारी गेलं.
भाचा काचेमागे बसलेला, नवा कोट,
मावशी सोडून सगळीकडे बघणारा.

बाईंनी आधी वर पाहिलं. मग माझ्या कानाशी:
"ह्यांनी डोक्यावर टोप कशाला घातलेत गं?"
आपल्याकडे टोप भाताचाही असतो,
लढाईतलाही, आणि हाही.
इथे कानाशी बोललेलंही सांगावं लागतं.
उठून इंग्रजीत सांगितलं.

न्यायाधीश हॅलिवेलबाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "त्यांना सांगा, मी दिसू नये म्हणून.
उद्या बाजारात भेटले तर ओळखू नये म्हणून."
मी सांगितलं.
वत्सलाबाई म्हणाल्या,
"मला तर लपायला कुणी काही दिलं नाही."
तेही सांगितलं.

बचावाचा वकील पेंबर्टन, तरुण.
त्याचा टोप पांढराशुभ्र, बारशाच्या टोपड्यासारखा.
समोरच्या थॉर्नलीबाईंचा जुन्या दातांसारखा पिवळट,
कडेची एक वळी सुटून कानावर आलेली.
इथे पिवळ्याला मान.
इथे कुणी उन्हात केस पांढरे करत नाही,
ट्यूबलाइटखाली पिवळे करतात, वर्षानुवर्षं.
एखादा नवशिका म्हणे चहाच्या पाण्यात बुडवून काढतो.
अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं ते हेच,
हळकुंड तेवढं मिळत नसावं.

पेंबर्टननं विचारलं, "भाच्यानं नेमकं काय केलं?"
वत्सलाबाई म्हणाल्या,
"केसानं गळा कापला."

मी अडले.
अर्थ सांगू की शब्द? शपथ शब्दांची होती.
"केसाने," मी म्हणाले, "माझा गळा कापला."
सगळे टोप एकदम वर झाले.
ज्युरीतल्या एकीचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला.
"कोणाच्या केसाने?"
पेंबर्टननं खरोखर विचारलं,
आणि त्याच्या मानेवर
घोड्याच्या केसांच्या दोन बारक्या शेपट्या हलल्या.

मग मी परवानगी मागितली, अर्थ सांगायची.
विश्वासातल्या माणसाचं हत्यार इतकं बारीक असतं
की कापून होईस्तोवर दिसत नाही.
हॅलिवेलबाईंनी ते लिहून घेतलं.
काचेमागे भाच्यानं तेव्हा मान खाली घातली होती.
खरं तर आधीच घातली होती, मी उठायच्याही आधी.
त्याला दुभाषी लागला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत, चहाच्या यंत्रापाशी,
त्या म्हणाल्या, "केसवाले केस लढवतात, बरंय.
कोणाचे गं असतात?"
"घोड्याचे."
"घोड्याला विचारलं होतं का?"
यंत्रानं पैसे घेतले, चहा दिला नाही.

पाच वाजता बस स्टेशनवर वारं सुटलेलं.
पुढच्या बाकावर पेंबर्टन, गुडघ्यावर काळा डबा,
सँडविच खात होता.
केस घामानं चप्प बसलेले,
कपाळावर आडवी लाल रेघ, टोपाच्या कडेची.
डब्यावर सोन्याच्या अक्षरांत दुसऱ्याच कुणाचं तरी नाव,
खोडून खाली त्याचं.
वत्सलाबाईंनी ओळखलं नाही.
"बघ, त्या पोराच्या कपाळाला काय लागलंय,"
आणि पर्समध्ये बामची डबी शोधू लागल्या.

मी नाही सांगितलं तो कोण ते.
निकाल अजून लागायचा होता, बस यायची होती,
डबी त्यांच्या मुठीत तशीच.
एवढं एक मी गाळलं.